व्होकेशनलच्या पोरापोरींचं कौतुक करायचंय, टक्के नाही, कामं सांगतो (सांगली)

वाइंडिंगवाला

नमस्कार मंडळी, लय दिवसांनी धागा काढतोय, मोठा होणार आहे, सवडीनं वाचा.

परवा शनिवारी आमच्या जुन्या शाळेत गेलतो. शाळेचं आणि पोरांचं नाव टाकत नाही, पोरं सतरा-अठरा वर्षांची आहेत, घरच्यांना न विचारता त्यांची नावं नेटवर नकोत. आठवी ते दहावी टेक्निकल आणि पुढं अकरावी-बारावी व्होकेशनल अशी शाळा आहे, म्हणजे ज्याला आपण सगळे अजून एमसीव्हीसीच म्हणतो आणि कागदावर आता एचएसव्हीसी झालंय ते. मी स्वतः तिथलाच, इलेक्ट्रिकलचा. आता मारुती चौकाजवळ मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे.

गुणगौरव समारंभ होता. दरवर्षीचा कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, स्टेज, पाहुणे, शाल-नारळ, दोन तास भाषणं, मग एकेक नाव पुकारायचं, टक्के सांगायचे, ट्रॉफी हातात, फोटो, चला खाली उतरा. ह्या वेळी शाळेत नवीन आलेल्या मॅडमनी स्टेजच घातलं नाही. कार्यशाळेतली टेबलं पुसून घेतली, त्यावर पोरांचे जॉब, म्हणजे त्यांनी हातानं केलेली कामं, मांडले आणि प्रत्येक टेबलामागं ज्याचं त्याचं पोरगं उभं केलं. आईबापांनी फिरायचं, बघायचं, हात लावायचा, विचारायचं. पाहुण्यांनीबी तसंच. निकालाचा कागद भिंतीला कोपऱ्यात चिकटवला होता, ज्याला बघायचा त्यानं बघावा.

मी सव्वादहाला गेलो आणि दीड कधी वाजला कळलं नाही.

पहिल्या टेबलावर एक पोरगी, पुढ्यात पाच एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटर एकत्र. मामाच्या विहिरीवरची जळकी मोटर, हिनं उघडली, जुनी तार काढायच्या आधी वेढे मोजले, पिच (कॉइल किती स्लॉट सोडून बसते ते) वहीत लिहून घेतली, चोवीस स्लॉट साफ केले, पेपर घातला, कॉइल भरल्या, दोऱ्यानं बांधल्या, वार्निश मारून वाळवली. आम्ही दुकानात जे करतो ते सगळं, त्याच क्रमानं. मी मुद्दाम विचारलं, बाळ ही जळली कशानं? ती म्हणाली, काका, रात्रीच्या लाइटीला एक फेज गेला, मोटर नुसती गुरगुरत राहिली, मामा घरी झोपलेला. मग शेजारी लावलेला बोर्ड दाखवला, त्यात सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवलेला. फेज गेला की स्टार्टर पडणार, म्हणजे मोटर आपोआप बंद. म्हणाली, नुसती मोटर भरून दिली तर मामा पुढच्या वर्षी परत घेऊन येणार, म्हणून हे पण केलं.

मंडळी, माझ्याकडं वीस वीस वर्षं काम केलेले कारागीर आहेत, ते मोटर भरतात आणि पैसे घेतात, जळली कशानं हे गिऱ्हाइकाला सांगायचं त्यांच्या डोक्यात येत नाही. मलाबी येत नव्हतं पहिली काही वर्षं. त्या पोरीला आलं.

मग तिनं मेगर लावला, म्हणजे तार कुठं मोटरीच्या अंगाला लागून करंट गळत नाही ना हे दाखवणारं यंत्र, काटा वर गेला की मोटर ठीक, शून्यावर राहिला की खराब. पाचशे व्होल्टचा, हँडल फिरवायचा. काटा वर गेला आणि तिथंच थांबला. मला तेवढंच बघायचं होतं. तिच्या आईला त्यातलं काही कळत नव्हतं पण मी मान हलवली ते त्या माउलीनं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

दुसरं टेबल फिटिंगचं. पोराचा बाप मार्केट यार्डात हमाल, हळदीची पोती उचलतो, बोटांच्या नखात हळद बसलेली, ती धुऊन जात नाही. पोरानं डोव्हटेलचे, म्हणजे खाचेत खाच घालून एकमेकांत सरकवून बसणारे, दोन लोखंडी तुकडे दिले हातात. बापानं ते उलटेसुलटे केले आणि विचारलं, ह्याला जोडलंय कुठनं? पोरानं हळूच सरकवून दोन वेगळे केले. बापानं परत बसवले, परत काढले. मग पोरगं म्हणालं, पप्पा उजेडाकडं धरा. खिडकीकडं धरलं, मधून उजेड येत नव्हता. हे सगळं कानशीनं केलेलं, आधी रफ, मग स्मूथ, निळा रंग लावून उंच भाग कुठं लागतो ते बघत बघत. ज्यानं कानस हातात धरली असेल त्याला कळेल, सरळ पृष्ठभाग काढायला मनगट किती दिवस मारावं लागतं.

त्या बापानं ते दोन तुकडे पंधरा मिनिटं हातातनं सोडले नाहीत. निकालाचा कागद त्यानं बघितलाच नाही. पोराला ५४ टक्के आहेत, मी बघितले.

आणि हेच मला सांगायचंय. आपल्या जिल्ह्यात दहावीला पंच्याण्णव पडले की चौकात फ्लेक्स लागतो, नीटला नंबर लागला की अख्ख्या गल्लीचा फोटो पेपरात येतो, लागू दे, त्यांचीबी मेहनत आहे. पण ह्या पोरांचं कौतुक करायची वेळ आली की आपण त्यांनाही टक्क्यांच्याच फूटपट्टीनं मोजतो आणि मग ती बिचारी ५४ चा आकडा ऐकून मान खाली घालून स्टेजवरनं उतरतात. त्यांनी काय केलंय ते कुणी बघतच नाही. काम दाखवा, कौतुक आपोआप होतं.

अजून एक सांगतो, मग थांबतो. २०१९ चा पूर आठवतोय का? आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर गेलं होतं. माझं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर दारात मोटरी आणून टाकल्या लोकांनी, नदीकाठच्या सगळ्या मोटरी गाळात गेलेल्या, मोजायचं सोडून दिलं मी. माझे दोन कारागीर स्वतःची घरं साफ करत होते, त्यांना कुठल्या तोंडानं बोलावणार. तेव्हा आमच्या सरांनी शाळेतनं अकरा पोरं पाठवली. सर म्हणाले फुकट नको, पोरांना जेवण आणि शिकवणं दे. पोरांनी एकेक मोटर उघडून स्वच्छ पाण्यानं गाळ धुतला, हॅलोजनच्या बल्बाखाली वाळवली, बेअरिंग बदललं, मेगर मारला, ज्यांचा काटा आला त्या तशाच दिल्या, ज्यांचा नाही आला त्या भरायला बाजूला. बऱ्याच मोटरी पुन्हा भरायची गरजच पडली नाही, नुसत्या धुऊन वाळवून चालू झाल्या. शेतकऱ्यांचा तेवढा खर्च वाचला. त्या अकरातल्या एकाचं आज स्वतःचं दुकान आहे, माझ्यापासनं दोन चौक सोडून, आणि मला त्याचा आनंद आहे.

त्या अकरा जणांचा सत्कार त्या वर्षी कुणी केला नाही. मीबी नाही केला. ते मनात राहिलंय म्हणून हा धागा.

तुमच्या ओळखीतल्या पोरांनी काय केलंय ते लिहा. टक्के नकोत. काम लिहा.

कृष्णाकाठची

वाचताना घशात आलं दादा. आमच्या वाळव्यात पण पूर होता, त्या दिवसांत कोण कुणाच्या उपयोगी पडलं ते विसरता येत नाही.

माझ्या भाचीचं लिहिते. ती हेल्थ केअरला होती बारावी व्होकेशनलला, सगळे म्हणायचे हे काय शिकतीय, म्हाताऱ्यांची सेवा करायला शिकायला लागतं होय. माझे सासरे पॅरालिसिसनं आठ महिने अंथरुणाला होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचेखाली-कमरेखाली उशी कशी ठेवायची, चादरीला चुणी पडू द्यायची नाही, हे आम्हा सगळ्या बायकांना तिनं शिकवलं. आठ महिन्यांत त्यांना एक जखम झाली नाही. एक पण नाही. डॉक्टर घरी आले तेव्हा त्यांनी पाठ बघून विचारलं कुणी शिकवलं तुम्हाला, आम्ही हिच्याकडं बोट दाखवलं.

सासरे गेले. पण जाताना त्यांचं अंग स्वच्छ होतं. हे काम आहे, लिहा यादीत.

वाइंडिंगवाला

@कृष्णाकाठची ताई, यादीत पहिलंच लिहिलं.

द्राक्षबाग

तासगाव साइड. आमच्याकडं हॉर्टिकल्चरवाली पोरं असतात, त्यांचं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, द्राक्षाची बाग नवी लावायची म्हणजे आधी डॉगरिजचा खुंट लावतात, तो चांगला वाढला की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला त्याच्यावर पाहिजे त्या जातीची काडी कलम करतात. पाचर कलम. खुंट कापून मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूनं पाचरीसारखा काप घ्यायचा, तो एका झटक्यात आला पाहिजे, दोनदा चाकू फिरला की काप खडबडीत होतो आणि कलम धरत नाही. सालीला साल लागली पाहिजे. मग पट्टी घट्ट. हे सगळं वाकून किंवा गुडघ्यावर बसून, दिवसभर.

गेल्या वर्षी आमच्या बागेत कलम करणारी टोळी आलीच नाही, ऐनवेळी दुसरीकडं गेली. शेजारच्या शाळेतल्या सरांना विचारलं, त्यांनी बारावीची सात पोरं पाठवली. बापाला माझ्या विश्वास नव्हता, म्हणाले एक एकर घालवशील. पोरं हळू होती हे खरं, टोळी जेवढी एका दिवसात करते त्याला ह्यांना दोन दिवस लागले, पण महिन्यानं मोजलं तर शंभरातली नव्वद-एक्याण्णव फुटली होती. टोळीवाल्यांचीबी तेवढीच फुटतात, कधी कमीच.

वडिलांनी त्या पोरांना दिवाळीत घरी बोलावून जेवू घातलं आणि प्रत्येकाला एक एक कलमाचा चाकू दिला, चांगला. ट्रॉफी नाही, चाकू. मला ते फार आवडलं.

कुपवाड_लेथ

चाकूची कल्पना एक नंबर. ट्रॉफी कपाटात धूळ खाते, अवजार हातात राहतं. आमच्या एमआयडीसीत दोघा-तिघांना मी सांगणार हे, सत्काराला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, द्या म्हणून.

पुण्यातला_सांगलीकर

कौतुक मनापासून आवडलं, वाइट वाटून घेऊ नका पण एक विचारतो. ही मुलं पुढं जातात कुठं? माझा चुलत भाऊ व्होकेशनल करून बसलाय, ना इंजिनिअरिंगला गेला ना नोकरी. शाळेत असताना त्याला बारा महिन्यात लेथवर चार वेळा उभं केलं, मशीन बंद असायचं, जर्नलमध्ये चित्र काढून प्रॅक्टिकलचे मार्क मिळाले. मग कंपनीत गेला तर त्यांनी पहिल्याच दिवशी मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं साधन) दिला आणि ह्याला वाचता येईना. तो घरी परत आला ते तोंड मला अजून दिसतं. सगळ्याच शाळा तुमच्या शाळेसारख्या नसतात.

वाइंडिंगवाला

@पुण्यातला_सांगलीकर वाइट कशाला वाटेल, खरं आहे ते. म्हणूनच तर काम टेबलावर मांडा म्हणतोय. टेबलावर मांडायचं म्हटलं की शाळेला मशीन चालू ठेवावंच लागतं, जर्नलमधलं चित्र टेबलावर मांडता येत नाही. आईबाप एकदा बघायला लागले की कुणाची झाकपाक चालत नाही.

भावाला सांगा माझ्या दुकानात ये, मायक्रोमीटर मी शिकवतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. खरंच पाठवा. एक भाग शंभरावा मिलिमीटर, बाहीवरचे आकडे आणि ड्रमवरचे आकडे, संपलं. त्याला येईल.

निवृत्त_निदेशक

मी बत्तीस वर्षं शिकवलं, आधी आयटीआयला आणि नंतर बारावी व्होकेशनलला, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यात. पुण्यातल्या मित्रांचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर नीट देतो कारण अनेक पालकांना हे कुणी सांगतच नाही.

एक, बारावी व्होकेशनल किंवा टेक्निकल झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही. आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसरं वर्ष. म्हणजे रस्ता बंद नाही, वळणाचा आहे. विषय जुळतात का ते त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचं, त्यात आळस करायचा नाही, माझी दोन हुशार मुलं फक्त तारीख चुकली म्हणून वर्षभर घरी बसली.

दुसरं म्हणजे ॲप्रेंटिसशिप. कायदा १९६१ चा आहे, त्यात १९८६ ला दुरुस्ती होऊन व्होकेशनलवाल्या मुलांचा वेगळा गट आला, टेक्निशियन व्होकेशनल म्हणून. एक वर्ष कंपनीत, विद्यावेतनासह. अनेक कंपन्यांना आणि त्याहून जास्त मुलांना हे माहीतच नसतं. आयटीआयच्या मुलांना माहीत असतं कारण तिथं मोठ्या मुलांकडून कळतं, व्होकेशनलच्या वर्गात वीस-पंचवीस मुलं, सांगणार कोण.

आता कौतुकाचं. वाइंडिंगवाले, तुम्ही त्या मुलीचं लिहिलंत की तिनं जुनी तार काढायच्या आधी वेढे मोजून वहीत लिहिले. मी तिच्या शिक्षकांना ओळखत नाही पण त्यांना माझा नमस्कार सांगा. नवीन मुलगा पहिल्या मोटरला हमखास तार कापून मोकळा होतो आणि मग विचारतो सर किती वेढे होते. लिहून ठेवण्याची सवय लागली की तो मुलगा कारागीर झाला समजा, बाकीचं हात शिकवतो.

सातारी_कंदील

सातारहून हजर. धागा सकाळी एस्टीत वाचला, स्वारगेट येईपर्यंत परत दोनदा वाचला.

मला एक वाटतं, आपला हा कृष्णाकाठचा पट्टा मुळात हातानं काम करणाऱ्यांनीच उभा केलाय, आपण ते विसरलोय. किर्लोस्करवाडी बघा. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्कर आले तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळ नुसता माळ आणि निवडुंग, औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली. लक्ष्मणराव स्वतः चित्रकला शिकायला मुंबईला गेलते, रंगांधळेपणामुळं ती सोडावी लागली, मग यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. आजच्या भाषेत तो मुलगा साइड बदललेला, चित्रकलेत न जमलेला. त्याच माणसानं लोखंडी नांगर केला, आणि तो घ्यायला शेतकरी आधी तयार नव्हते, लोखंडानं जमीन नासते असा समज होता.

कराडजवळ ओगलेवाडी, १९१६ चा काच कारखाना, तिथला प्रभाकर कंदील आमच्या आज्जीच्या घरी माळ्यावर अजून आहे (माझं नाव त्यावरनंच). साताऱ्यात कूपरांचा कारखाना १९२२ चा. आणि कर्मवीर अण्णांनी रयत काढायच्या आसपास ह्याच कंदील आणि नांगरांची विक्री केली होती, गावोगाव फिरून. १९१९ ला काल्याला रयत सुरू झाली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, आणि तिथं पोरांनी स्वतः पाणी भरायचं, स्वतः भाकरी करायची, शेतात राबायचं आणि शिकायचं. कमवा आणि शिका. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद. ज्या जिल्ह्यात हे ब्रीद लिहिलं गेलं तिथं डोव्हटेल करणारं पोरगं मान खाली घालून स्टेजवरनं उतरतं, हे वाचून मला बरं वाटलं नाही.

माझ्या धाकट्या भावानं वेल्डिंग केलं. आज लोणंदला कंपनीत आहे. त्यानं पहिल्या पगारातनं आईला साडी घेतली आणि त्याच महिन्यात आमच्या गोठ्याचं गेट स्वतः वेल्ड करून दिलं. गेट अकरा वर्षं झाली, एक जॉइंट सुटला नाही. म्हैस रोज धडका देती.

पालक_११वी

नमस्कार, धागा वाचून धीर आला म्हणून लिहितेय. माझा मुलगा दहावीला ६१ टक्के, त्याला स्वतःला इलेक्ट्रिकलला जायचंय, घरातला पंखा-मिक्सर तोच उघडतो. माझ्या माहेरचे सगळे म्हणतायत सायन्सलाच घाल, लोक काय म्हणतील. मिस्टर गप्प आहेत. मी काय करू? आठवडाभर झोप नाही.

निवृत्त_निदेशक

ताई, त्याला ज्या शाळेत घालायचं म्हणताय तिथं एकदा कामाच्या दिवशी जाऊन या. ऑफिसात बसू नका, सरळ कार्यशाळेत जा. तीन गोष्टी बघा. मशिनी चालू आहेत का, मुलांच्या हाताला तेल-काळं लागलंय का, आणि मुलं तुम्हाला बघून गप्प होतात की हातातलं काम चालू ठेवतात. तिथं काम चालू असेल तर निर्धास्त घाला. मुलालाही बरोबर न्या, त्याचा चेहरा बघा.

आणि गणिताकडं दुर्लक्ष करू देऊ नका, पुढं डिप्लोमाला जायचं झालं तर मुलं तिथंच अडकतात.

कृष्णाकाठची

@पालक_११वी ताई, लोक भाचीला पण म्हणत होते. आता त्याच लोकांच्या घरी कुणी आजारी पडलं की तिचा नंबर मागतात. मुलाचं ऐका.

कुपवाड_लेथ

मिस्टरांना आमच्या शेडवर घेऊन या चहाला. मी बारावी व्होकेशनल मेकॅनिकल, आज सहा लेथ आहेत, त्यातला एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारा), अकरा जण कामाला. मी बोलतो त्यांच्याशी. बापाला बापानं सांगितलेलं पटतं.

चिकाटी_१८

मी सध्या आयटीआय फिटर, पहिलं वर्ष, साताऱ्यात. एक विचारायचं होतं, ते इंडिया स्किल्स स्पर्धा असते त्यात आमच्यासारख्यांना जाता येतं का? की फक्त मोठ्या शहरातल्यांना?

निवृत्त_निदेशक

येतं. जिल्हा-राज्य पातळीवरून निवड होत जाते आणि शेवटी देश पातळी. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवर होते, तिथं नजर ठेव आणि तुझ्या निदेशकांना आजच सांग, कारण तयारी त्यांनाच करून घ्यायची असते. त्याच्या पुढं वर्ल्ड स्किल्स, दर दोन वर्षांनी. २०२४ ला फ्रान्समध्ये ल्योनला झाली, भारताला चार ब्राँझ मिळाली. बहुतेक प्रकारांत वयाची अट २२ आहे, म्हणजे तुझ्या हातात चारच वर्षं आहेत, वाया घालवू नको. तिथं मुलं कुठं कमी पडतात माहीत आहे का, वेळेत. काम अचूक होतं पण वेळेत होत नाही. आजपासून प्रत्येक जॉबला घड्याळ लावून बस.

चिकाटी_१८

थँक्यू सर. उद्याच बोलतो निदेशकांशी. हातात चार वर्षं म्हटल्यावर पोटात गोळा आला पण चांगला.

पुण्यातला_सांगलीकर

@वाइंडिंगवाला भावाशी बोललो. आधी नको म्हणाला, मग रात्री त्याचाच फोन आला की दुकान नेमकं कुठं आहे. सोमवारी येतोय. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

वाइंडिंगवाला

आभार नको, डबा घेऊन ये म्हणावं, दिवसभर बसवणार आहे.

बारावी_इलेक्ट्रिकल

नमस्कार. मॅडमनी हा धागा वर्गात वाचून दाखवला. मी ती मोटरवाली.

काकांनी जे लिहिलंय ते सगळं खरं आहे पण एक राहिलं ते सांगायचंय. ती मोटर माझ्याकडून तिसऱ्या वेळी चालू झाली. पहिल्यांदा भरली तेव्हा एका स्लॉटचा पेपर कडेला फाटलेला मला दिसला नव्हता, मेगर लावला तर काटा शून्यावर. सगळं परत काढलं. दुसऱ्यांदा एका फेजची कॉइल उलटी जोडली, मोटर गरम व्हायला लागली, सरांनी लगेच बंद केली. तेव्हा मी दोन दिवस शाळेत गेले नाही. मम्मीनं विचारलं नाही काय झालं म्हणून पण तिसऱ्या दिवशी डबा भरून दारात उभी राहिली.

तिसऱ्यांदा मैत्रिणीनं आणि मी दोघींनी मिळून केलं, ती प्रत्येक जोड मोठ्यानं वाचायची आणि मी जोडायचे. तिचं नाव टेबलावर नव्हतं कारण तिची वेगळी मोटर होती. पण निम्मं काम तिचं आहे म्हणून लिहिलं.

दोन वेळा काढलेली तार पण मी ठेवलीय.

वाइंडिंगवाला

बाळ, ती तार टाकू नको. माझ्या दुकानात माझ्या पहिल्या मोटरची जळकी कॉइल खिळ्याला टांगलीय, कधी आलीस तर दाखवतो. आणि मैत्रिणीचं पण यादीत लिहिलंय, दोघींचं शेजारी शेजारी.

निवृत्त_निदेशक

बत्तीस वर्षांत मला असं लिहिणारी मुलं किती मिळाली ते बोटांवर मोजता येईल. मुली, तू शिकवायला ये पुढं. विचार कर.

द्राक्षबाग

दंडवत. बाकी काही लिहवत नाही.

वाइंडिंगवाला

मंडळी, अपडेट.

मॅडमशी बोललो. २०१९ च्या अकरा पोरांपैकी नऊ जणांचा पत्ता लागलाय, एक दुबईत आहे, एकाचा फोन लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना जमेल त्यांना शाळेत बोलावतोय. स्टेज नाही. ते प्रत्येकजण येताना आपल्या कामातलं काहीतरी आणणार, टेबलावर मांडणार, आणि आत्ताची बारावीची पोरं त्यांच्या शेजारी आपलं मांडणार. प्रत्येकाला एक अवजार द्यायचं ठरलंय, द्राक्षबागवाल्यांची कल्पना. इलेक्ट्रिकलवाल्यांना टेस्टर आणि पक्कड, मेकॅनिकलवाल्यांना व्हर्नियर, ते कुपवाडच्या आमच्या मित्रांनी अंगावर घेतलंय. हॉर्टिकल्चरला चाकू. हेल्थ केअरच्या मुलींना बीपीचं मशीन द्यावं म्हणतोय, कृष्णाकाठची ताई, भाचीला विचारून सांगा कुठलं चांगलं, हातानं फुगवायचं की बॅटरीचं.

मामाच्या विहिरीवर मोटर बसवली काल. मी स्वतः गेलतो. पाणी पाटात पडलं तेव्हा मामा काही बोलला नाही, पाटाच्या कडेला उकिडवा बसून पाण्यात हात घालून बसला.

आणि एक काम आहे. मॅडम म्हणाल्या पुढच्या बॅचला शिकायला जळक्या मोटरी कमी पडतात, पोरं चार-चार मिळून एका मोटरीवर. ज्यांच्या घरी, रानात, गोठ्यात जुनी जळकी मोटर पडली असेल, कितीही एचपीची, भंगारात घालू नका. माझ्या दुकानात आणून टाका, नाहीतर निरोप द्या, बुधवारी शाळेचा टेम्पो मिरज-कुपवाड-सांगलवाडी करून येणार आहे. दोन मी माझ्याकडच्या काढून ठेवल्यात.

कृष्णाकाठची

भाची म्हणतीय हातानं फुगवायचं द्या, आधी कानानं ऐकायला शिकू दे. आणि आमच्या मळ्यात एक साडेसात एचपीची पडलीय, टेम्पो वाळव्याला येत असेल तर सांगा.

वाइंडिंगवाला

येईल. बुधवारी दुपारी तीनच्या पुढं. दोन माणसं तयार ठेवा, साडेसातची जड असती.